गाडी रिकामी होती

स्कूटर उचलून नेली म्हणून एवढं तोंड काय पाडून बसलास? बस इथे. ती किल्ली खिशात ठेव. आत्ता रात्रीचं कुठेही जायचं नाही. सकाळी जा. मला काका म्हणतोस ना, मग ऐक जरा काकाचं. आणि तुम्ही दोघं, खिदळणं बंद करा. उद्या तुमच्याही गाड्या उचलतील.

गाडी उचलली की काय करायचं, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल काकाला गप्पा मारायला निमित्तच हवं होतं. चोरी झाली म्हणून बोंब ठोकायची नाही. जिथे लावली होती तिथल्या दुकानदाराला विचारायचं, त्यानं बघितलेलं असतंच, फुकटचा तमाशा कोण सोडतो? रस्त्यावर खडूनं काही खरडलंय का बघायचं. चौकीला फोन करायचा. लायसन, गाडीचे कागद, किल्ली घ्यायची आणि बरोबर एक शहाणा माणूस न्यायचा, कारण तू तो नाहीस. तिथे पोचलं की गाडीभोवती एक चक्कर मारायची, नवे ओरखडे बघायचे, फोटो काढायचे, मग सही. पावती घेतल्याशिवाय कुणाच्या हातावर दमडी टेकवायची नाही. झालं.

आणि हो, एक राहिलं. तिथला माणूस विचारेल, गाडीत काय होतं? त्याला खरं सांगायचं. डिकीत सडकं केळं असलं तरी सांगायचं, सडकं केळं आहे म्हणून.

का म्हणजे? सांगतो. आधी ती मच्छरांची कॉइल लाव, फोडून खाल्लंय मला.

माझ्या नाकावरचा हा चष्मा ज्यानं केला, त्या चष्मेवाल्याची ही गोष्ट. ऐकीव नाही. त्यानं स्वतः, दुकानाचं शटर अर्धं ओढून, माझ्यासमोर बसून सांगितलेली. सांगताना दोनदा उठून मोरीत जाऊन ओकून आला.

माणूस तसा वाईट नाही. पण स्वच्छतेचं वेड. काचा पुसता पुसता त्याला सगळं जगच पुसायची खोड लागली होती. तुम्ही काउंटरवर कोपर टेकलंत, की ते उचलायच्या आत याचं फडकं फिरलेलं. कुणी शिंकलं तर हा दोन पावलं मागे. आणि अशा माणसाच्या घरात ऐंशीच्या घरातले वडील. आठवण गेलेली. मुलाला कधी ओळखायचे, कधी पोस्टमन समजून काही पत्र आहे का विचारायचे. तोंडात दात नाही. कवळी घातली की काढून उशीखाली लपवायचे. हनुवटीवरून लाळ, आणि खालचंही भान सुटलेलं. म्हातारपण म्हणतात ते हेच, तुम्हालाही येणार आहे, नाकं मुरडू नका.

त्यांचं सगळं करायच्या वहिनी. भरवणं, पुसणं, कपडे बदलणं, रात्री उठून पाणी देणं. आणि आमचे चष्मेवाले? जेवायला बसले की वडिलांकडे पाठ. म्हणे, "मला उमळून येतं गं." उमळून येतं! अरे शहाण्या, लहानपणी तू त्याच माणसाच्या खांद्यावर किती वेळा ओकला असशील. त्यानं फिरवली होती का पाठ? पण नाही. या गृहस्थानं वर्षभरात वडिलांना एक घास भरवला नव्हता. मला या गोष्टीतलं भूत नंतर आठवतं, हे आधी आठवतं.

तर मागच्या डिसेंबरातला तिसरा शनिवार. वहिनी बहिणीच्या बाळंतपणाला परगावी. आणि वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायची तारीख नेमकी त्याच दिवशी. आता नेणार कोण? नेलं यानंच. मागच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरलं. हो, प्लॅस्टिक. दुकानात नव्या फ्रेमांच्या खोक्यांवर येतं ना, तसलं. त्यावर बापाला आडवं केलं, वर पांघरूण घातलं. मागच्या काचांना काळी फिल्म त्यानं आधीच लावून घेतली होती. सगळ्यांना सांगायचा, बाबांच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. खरं कारण मी सांगतो. सिग्नलला शेजारच्या गाडीतलं गिऱ्हाईक आत डोकावायला नको.

डॉक्टरांनी तपासलं, थेंब लिहून दिले, सगळं ठीक. परत निघाले तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेलेले, थंडी पडायला लागलेली. आणि वाटेत वडिलांनी कपडे खराब केले. काच खाली केली तरी वास जाईना. घर आणखी वीस मिनिटांवर. यानं काय करावं? सरळ घरी जावं, बापाला धुवावं, कोरडं करावं. यानं गाडी एका हॉटेलासमोर लावली, 'येथे वाहन उभे करू नये' या पाटीच्या बरोबर खाली. मागचं दार आतून उघडत नव्हतं, लहान मुलांसाठी असतं तसलं कुलूप त्यानं लावून ठेवलं होतं. काच बोटभर खाली ठेवली. "आलोच बाबा, पाच मिनिटांत." आणि गेला कॉफी प्यायला. वासानं डोकं चढलं होतं म्हणे.

कॉफी झाली. एक ओळखीचा भेटला. गप्पा झाल्या. दुसरी कॉफी आली. बाहेर टोइंगवाल्यांचा भोंगा ओरडत होता, राखाडी गाडी, मालक कोण, राखाडी गाडी. मी त्याला विचारलं, ऐकू आलं नव्हतं का रे? मान खाली घालून म्हणाला, "आलं होतं. वाटलं, एवढी कॉफी संपवू. तेवढ्यात नेत नाहीत."

नेली.

बाहेर आला तर मोकळा रस्ता. कोपऱ्यावरचा फुलवाला म्हणाला, "आत्ता नेली साहेब. पुढची चाकं उचलली आणि गेले. मी म्हटलंसुद्धा, मालक आत बसलेत हॉटेलात. ऐकतायत कुठे." मागच्या सीटवर एक जिवंत माणूस आहे हे टोइंगवाल्यांना दिसलं नाही. दिसणार कसं? काळ्या काचा कुणी लावल्या होत्या?

रिक्षा केली. उचललेल्या गाड्या ठेवायचं आवार शहराबाहेर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे. रिक्षावाल्यानं फाटकापर्यंत यायला नकार दिला, अलीकडेच सोडलं. हा धावत गेला. थंडीतही घामानं चिंब झालेला. बाप थंडीत, ओल्या कपड्यांत, अंधारात. कदाचित हाका मारत असेल. कदाचित पोस्टमनला.

ते आवार म्हणजे, शी! बघितलं नसेल तर बघायला जाऊ नका. ओळीनं गाड्या, मध्ये तेलाची आणि मुताची डबकी. भिंतीवर थुंकून थुंकून लालकाळा थर साचलेला. कुत्र्यांनी सीटा फाडून बाहेर ओढलेल्या. फाटकाजवळ पत्र्याची खोली, तिथे एक कारकून बसलेला. तो डब्यातलं मटण खात होता. त्याच तेलकट बोटांनी तो लोकांचे कागद चाळायचा, आणि एखादी शीर दातात अडकली की लोकांनी कागदांबरोबर जमा केलेल्या किल्ल्यांपैकी एक उचलून तिनं कोरायचा. कुणाची तरी किल्ली, बरं का. मग ती पुसायची कशाला, तशीच परत ठेवायची. आमचा चष्मेवाला ते बघून दोन पावलं मागे.

त्याच्या मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले. एक फोटोग्राफर, त्याची कॅमेऱ्याची बॅग गाडीत अडकलेली. आणि दुसऱ्या, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. यांनी त्याला लगेच ओळखलं. "अहो, तुम्ही पण का? हा बघा तुमचाच चष्मा," म्हणून हसल्या. त्या बाई त्याच्याकडे अर्धी शाळा पाठवायच्या.

कागद झाले, दंड झाला. कारकुनानं घास गिळला आणि विचारलं, "गाडीत काय होतं?"

आता बघा हं. इथे एका वाक्याचं काम होतं. माझा बाप आहे आत, आजारी आहे, पळा. बस. पण त्याच्या मागे बाई उभ्या. फोटोग्राफरच्या हातात मोबाईल. याच्या डोक्यात सगळं फिरलं. बापाला गाडीत कोंडून कॉफी पीत बसला. पोलीस. व्हिडिओ. उद्या दुकानासमोर लोक. जनाची लाज वाटली त्याला. मनाची वाटायला हवी होती. त्यानं हिशेब केला, किल्ली तर परत मिळतेय, गुपचूप जातो, गाडी काढतो, घरी नेतो, कुणाला कळतंय?

म्हणाला, "काही नाही."

कारकुनाचं चावणं थांबलं. "नीट आठवून सांगा. मागच्या सीटवर?"

"काही नाही हो. रिकामी होती गाडी."

"रिकामी?"

"रिकामी."

मागे, लांब, अंधारात कुठेतरी, काचेवर बोट वाजलं. आतून. टक टक.

कारकुनानं तिकडे बघितलं नाही. डबा बाजूला सारला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "आम्ही दोनदा विचारतो. तुम्ही दोनदा सांगितलंत. या बाईंनी पण ऐकलंय." आणि किल्ली सरकवली. "तिसऱ्या ओळीत आहे. जा, घेऊन या."

बरोबर येणार का विचारलं, तर म्हणाला, "रात्री मी आत जात नाही."

हा गेला. मोबाईलचा उजेड लावून. तिसऱ्या ओळीत गाडी सापडली, दारं बंद, काचा शाबूत, मागची काच तशीच बोटभर उघडी. जीव भांड्यात पडला. मागचं दार उघडलं.

प्लॅस्टिक होतं. पांघरूण होतं, पायाशी गोळा झालेलं. प्लॅस्टिकवर ओलं होतं. तो वासही होता.

बाबा नव्हते.

त्यानं सीटखाली बघितलं. डिकी उघडून बघितली. वेड्यासारखं पुढच्या सीटवरचं मासिक उचलून त्याखाली बघितलं. आतून न उघडणारं दार. बोटभर फट. ज्यांना उठवून बसवायला दोन माणसं लागतात, ते बाबा.

त्यानं हाक मारली. आणि कशी मारली माहितेय? हळूच. "बाबा... बाबा..." कारकुनाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या घडीलाही! मला सांगताना त्यानं हे लपवलं नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूनं म्हणेन.

उत्तर आलं नाही. पण एक आवाज आला.

मच्. मच्. मच्.

कुणीतरी खात होतं. बोळक्या तोंडानं, ओठांनी. तो आवाज त्याला पाठ होता. त्या आवाजाकडे तर त्यानं वर्षभर पाठ फिरवलेली.

आवाज मागच्या भिंतीकडून येत होता. तिकडे वर्षानुवर्षं कुणी न नेलेल्या गाड्या. चाकं मातीत रुतलेली, बॉनेटमधून गवत वर आलेलं. सगळ्यात शेवटी एक गाडी. तिच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. यानं बाहेरून हात फिरवला, तर हाताला काच स्वच्छ लागली. पांढरं होतं ते आतून. बुरशी. केसाळ, दाट, काचभर. मध्ये एकच जागा पुसलेली, बोटांनी पुसावी तशी.

त्यानं उजेड तिथे धरला. डोळा लावला.

बाबा बसले होते.

बसले होते. ताठ. उशी नाही, टेकू नाही. तोंड उघडलेलं, पिल्लानं चोच उघडावी तसं. डोळ्यांत... आनंद.

आणि त्यांच्या शेजारी कुणीतरी होतं.

तोंड दिसलं नाही. फक्त हात दिसत होता. बाईचा. म्हातारा, बारीक. तो हात खाली मांडीत गेला. काहीतरी घेतलं. वर नेलं, अंधारात. मग चावण्याचा आवाज. कडक काहीतरी चावल्याचा. बराच वेळ. मग तो हात पुन्हा उजेडात आला. बोटांत घास. चावलेला. करडा. लाळेची तार लोंबणारा.

तो तिनं बाबांच्या तोंडात घातला.

मच्. मच्.

बाबांनी गिळला. आणि पुन्हा आ केला.

आमचा चष्मेवाला तिथेच ओकला. स्वतःच्या बुटांवर. कॉफी आणि सगळं. ओकतानासुद्धा दाराचा दांडा ओढत होता. "बाबा, दार उघडा... बाबा..." दार गंजून एकजीव झालेलं. हलेना.

आत तो हात थांबला.

त्या हातानं बाबांचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. हळूच. मग तोच हात काचेशी आला. खालचं बटण दाबलं.

खट्.

कुलूप लागलं.

...

थांब, पाणी दे मला.

पळाला. दुसरं काय करणार? तिसऱ्या ओळीतून, दुसऱ्या ओळीतून, डबक्यात पडला, उठला, पत्र्याच्या खोलीत येऊन कोसळला. तोंडावर ओकारी, कपड्यांवर ती सगळी घाण. मुख्याध्यापिकाबाई तिथेच होत्या, त्या ओरडल्या, "अहो काय झालं?" कारकून उठला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "शेवटची गाडी ना? माणूस होता तुमचा आत. आणि तुम्ही रिकामी म्हणालात."

मग त्या कारकुनानं सांगितलं ते ऐका, आणि माणूस किती नीच असू शकतो ते बघा. त्यापुढे भूत परवडलं. काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती गाडी उचलून आणली होती. काचांना पडदे होते, कुणी आत बघितलं नाही. मालक येईना म्हणून यानंच फोन लावला. मालक म्हणाला, येतो सवडीनं. यानं विचारलं, आत काही आहे का? तो म्हणाला, "काही नाही, रिकामी आहे." मागच्या सीटवर त्याची आई होती. उठता न येणारी. शेजारी जेवणाचा एक डबा ठेवून, मुलानं गाडी मुद्दाम तसल्याच पाटीखाली लावली होती. कुणीतरी उचलून नेईल म्हणून. अरे थू! आई-बाप जड होतात हे मीही पाहिलंय, पण असं?

आणि हे आवारातले? वास आला तेव्हा त्यांना वाटलं कुत्रं मेलंय. फिनेल ओतलं बाहेरून. आणखी दोन दिवस फिनेल ओतलं! सहाव्या दिवशी दार उघडलं. "काचेवर टक टक आधी ऐकू यायची," कारकून म्हणाला, "आम्हाला वाटलं, गाड्या रात्री गार पडल्या की पत्रा वाजतो." तेव्हापासून ते दोनदा विचारतात. माणुसकी आली म्हणून नाही हं. भीतीनं.

डब्याचं विचारतोस? डबा रिकामा होता. पुसून, चाटून लख्ख. पहिल्याच दिवशी संपला असणार.

मग ती इतके दिवस काय खात होती... आणि त्या रात्री त्याच्या बापाला काय भरवत होती... ते मला विचारू नकोस. मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

चष्मेवाल्यानं कारकुनाचे पाय धरले. कारकून म्हणाला, "माझे धरून काय होणार? रिकामी म्हणून तुम्ही सांगितलंत. ती ऐकत असते. आता खरं सांगा. मला नको. तिला ऐकू जाईल असं सांगा."

हा उभा राहिला. मागे बाई, बाजूला फोटोग्राफर, त्याचा मोबाईल वर धरलेला. उभ्या आयुष्यात ज्या माणसानं बुटावर डाग घेऊन चौकात पाऊल टाकलं नव्हतं, तो ओकारीनं माखलेला, फाटकाशी उभा राहून अंधारात ओरडला. "माझा बाप होता गाडीत! मी त्याला कोंडून गेलो होतो! मला त्याची किळस येते म्हणून गेलो होतो! मी खोटं बोललो!"

काहीच झालं नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

मग लांबून आवाज आला. गंजलेल्या बिजागरीचा.

या खेपेला मुख्याध्यापिकाबाई त्याच्याबरोबर गेल्या. त्या बाईंना मी सलाम करतो. शेवटच्या गाडीचं दार वीतभर उघडं होतं. आत बाबा. एकटे. शेजारची सीट रिकामी, स्प्रिंगा वर आलेल्या, पण एका जागी दबलेल्या. दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी स्वतः उजेड फिरवून बघितलं.

बाबा बाहेर येईनात. सीटला घट्ट धरून बसले. यानं त्यांना मिठी मारून उचललं, घाणीसकट, लाळेसकट, छातीशी. वर्षभरात पहिल्यांदा. आणि बाबा त्याच्या खांद्यावरून मागे हात करून रडायला लागले. लहान मूल आईच्या मांडीवरून उचलावं आणि त्यानं रडावं, तसे. घरापर्यंत रडले. दुसऱ्या दिवशी वहिनी धावत आल्या, त्यांनी तोंड धुवायला बोट घातलं, तर टाळूला करडा थर. किती वेळा धुतला. वास मात्र राहिला.

तुम्हाला वाटलं असेल, झालं, बाप सापडला, सुटला एकदाचा. मलाही तसंच वाटलं होतं.

चष्मेवाला सुधारला, अगदी खरं. दुकान दुपारचं बंद ठेवून घरी यायला लागला. स्वतः भरवायला बसायचा. चमचा पुढे करायचा, "बाबा, आ करा." बाबा तोंड मिटून घ्यायचे. वहिनींच्या हातूनही खाईनात, ज्यांच्या हातून वर्षभर खाल्लं होतं. मान फिरवायचे. पलीकडे, भिंतीकडे, जिकडे कुणी नाही. आणि तिकडे बघून आ करायचे. मग तोंड मिटायचं. मच्. मच्. गिळायचे. घसा हलताना दिसायचा.

हा चमचा धरून बसलेला. रोज. सकाळ-संध्याकाळ.

आठवडाभरात माणूस खंगायला हवा. हे खंगले नाहीत. गालांवर मांस आलं. डॉक्टर तपासून म्हणाले, "वजन वाढलंय! छान भरवताय तुम्ही. असंच चालू ठेवा." वहिनी तोंडाला रुमाल लावून आत गेल्या. डॉक्टरांना वाटलं, आनंदानं रडतायत.

त्यानं हात जोडून बघितलं. भिंतीकडे बघून माफी मागून बघितली. "मी तसा नाही हो," म्हणायचा, "मी घ्यायला आलो होतो." कुणाला सांगत होता कोण जाणे. बाबा त्याच्याकडे बघून हसायचे आणि विचारायचे, "काही पत्र आहे का?" मुलगा म्हणून पुन्हा कधी ओळखलं नाही. एकदाही नाही. मला म्हणाला, "काका, तिनं त्यांना परत दिलं, असं तुम्ही म्हणता. काय दिलं हो तिनं?"

या मार्चमध्ये बाबा गेले. दोन दिवस शुद्ध नव्हती. पाणीसुद्धा आत जात नव्हतं, ओठ ओले करायचे फक्त. दोन दिवस घरात कुणी स्वयंपाक केला नव्हता, गॅस पेटवला नव्हता, दोघं उशाशी बसून. पहाटे श्वास थांबला. थंड पडले. मी तासाभरानं पोचलो. जबडा उघडा राहिला होता, तो मिटायला हवा, म्हणून चष्मेवाला पुढे झाला. मी म्हटलं, राहू दे, मी करतो. नाही म्हणाला. त्यानंच एक हात डोक्याखाली घातला, दुसरा हनुवटीला लावला. आणि थांबला.

डाव्या गालात काहीतरी होतं.

त्यानं बोट घातलं. तोंड वाकडं न करता घातलं, मी बघत होतो. हळूच बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवलं. घास होता. पांढरा, मऊ. बारीक चावलेला. हात माझ्यापुढे धरला. मला हात लावायचा नव्हता. तरी मी बोट टेकवलं.

ऊन होता.